मोज्यातली बाटली

जिरीसान डोंगराच्या धारेवर धुकं इतकं दाटलं होतं की फांद्यांना बांधलेल्या वाटेच्या फिती हातभर अंतरावर आल्याशिवाय दिसत नव्हत्या. पुढे मी, मागे आमचे हे. माझी बाटली केव्हाच गोठून दगड झाली होती. यांनी मात्र आपली अर्धी बाटली लोकरीच्या मोज्यात उलटी घातली होती, झाकणापाशी बर्फ धरू नये म्हणून.

"सारखी मागे बघू नकोस, फिती चुकतील," शेवटच्या थांब्यावर माझ्या सॅकचे पट्टे आवळत ते म्हणाले. थंडीनं त्यांची जीभ जड झाली होती. "बाटली डुचमळतेय तोवर मी आहे, कळलं?"

"आणि आवाज थांबला तर?"

"तर पाणी गोठलं म्हण. चल, बडबड पुरे."

दोन तास मी तो आवाज कानात धरून चालले. मी थांबले की तोही थांबायचा, निघाले की पुन्हा सुरू व्हायचा. माझ्यासाठी थांबतात बिचारे, या विचारानं धीर यायचा.

निवाऱ्याच्या रखवालदारानं दार उघडलं. "एकट्याच, काकू?"

"छे, हे आहेत ना मागे. ऐका."

काहीच ऐकू आलं नाही. घाबरून मी गर्रकन वळले, आणि माझ्याच पाठीवर बाटली डुचमळली.