सत्काराचा नारळ

सुभेदार जयराज दुकानात शिरला तेव्हा त्याच्या कानातसुद्धा गुलाल होता. खांद्यावर शाल, हातात नारळ. फौजेतून निवृत्त होऊन आज सकाळीच तो उंब्रजला उतरला, आणि गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवून मिरवून पार पिळून काढला. सत्कार आटोपल्या आटोपल्या गडी मागच्या दारानं सटकला, तो थेट मुजीबच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात.

"या साहेब, या!" मुजीबनं गडबडीनं खुर्ची पुसली. "सुमैरा, चहा टाक गं, सुभेदार साहेब आल्यात."

शाळेत एका बाकावर बसून एकमेकांचं डोकं फोडणारी ही जोडी. आता हा खुर्ची पुसतोय! जयराज काही त्या खुर्चीवर बसला नाही, नारळ तेवढा तिच्यावर ठेवला.

"मशीन हाय का इकलंस?" त्यानं विचारलं.

मुजीबनं कोपऱ्यातला जुना फ्लेक्स ओढला. खाली व्हिडिओ गेमचं उंच मशीन उभं होतं. इथं मुजीबच्या वडलांचं, मौलाभाईंचं गेमचं दुकान होतं तेव्हापासूनचं. दोन निरनिराळ्या गेममधली माणसं ह्या एकाच मशीनमध्ये लढायला आणलेली. उंब्रजची तालीम आणि रहिमतपूरची तालीम एकाच फडात उतरावी तसा प्रकार. दोघांनी दोन-दोन गडी निवडायचे. एक लढतो, एक मागं थांबतो, आणि पहिला पडला की दुसरा लगेच उडी मारून आत.

"चालतंय?"

"चालतंय म्हंजे? पळतंय, साहेब!"

दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जयराजनं दांडा पकडला आणि त्याच्या तोंडावरची सकाळपासूनची सगळी मरगळ गेली. धडाधड बटणं वाजली. बघता बघता मुजीबनं निवडलेला टकल्या गडी पडद्यावर आडवा झाला, पाठोपाठ त्याची वेणीवालीही. वेणीवालीनं तर साधा हातसुद्धा उचलला नाही.

"वा साहेब! हात बसलेला हाय अजून," मुजीब म्हणाला.

तेवढ्यात सुमैरा चहा घेऊन आली. "हरला? आवो भाऊजी, काल तर ह्यांनी मशीनमधली समदी माणसं एका दमात लोळवली! मी रोज म्हणते, काढा हे धूड, तिथं फ्रीज मावंल. पण ह्यांचं आपलं दुकान उघडलं की आधी मशीन, मग गिऱ्हाईक."

मुजीबचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडं असं बघितलं, की ती बशी ठेवून गुमान काउंटरमागं गेली.

जयराजनं दांडा सोडला. "नुरा कुस्ती खेळलास व्हय रं माझ्यासंगं? ठरवून हारलास?"

"तसं न्हाई साहेब. आज तुमचा मानाचा दिवस..."

"मान, मान! सकाळधरनं समदं गाव मला हात जोडतंय. आमचा लालासाहेब चुलता, ज्यानं मला आंब्याच्या फोकानं झोडपलाय, त्यो बी आज मला 'आवं' म्हणतोय. लय परकं वाटलं रं. म्हटलं, एक तरी गडी आसंल गावात, जो मला उचलून आपटंल. म्हणून हितं आलो. आन तू बी तसलाच निघालास."

जयराजनं खुर्चीवरचा नारळ उचलून मशीनवर आपटून ठेवला. "ह्यो लावला. जत्रंत कुस्तीवर लावत्यात तसा. खरं खेळणार आसशील तर खेळ, न्हाईतर ह्या दुकानाची पायरी मी पुन्यांदा चढणार न्हाई."

मुजीबनं चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, बाह्या वर सारल्या. जयराजनं शाल कमरेला गुंडाळली.

ह्या खेपेला कुस्ती चांगलीच जुंपली. कधी हा वर, कधी तो. सुमैरा गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवायची सोडून टाचा उंचावून बघत होती. शेवटी जयराजनं टकल्याला उचलून असा काही आपटला की पडदा हादरला. टकल्या चीत!

आणि जयराजनं दांडा सोडून मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला.

तालमीची सवय. तिथं समोरचा उताणा पडला की कुस्ती संपली. मग शड्डू ठोका, नाहीतर नाचा. इथं तेवढ्यात वेणीवाली आत आली होती. लाथ, लाथ, गुद्दा, परत लाथ. जयराजचा पहिला गडी कोपऱ्यात गेला तो तिथंच बसला. दुसरा धावत आला, तोही हवेतल्या हवेत गार.

"आरं थांब की! शड्डू तर ठोकू दे!"

"मशीनला शड्डू दिसत न्हाई, जया!" मुजीब ओरडला. "ल्हानपणी बी हेच करून हारायचास, आन अजून बी तेच! इतकी वर्सं फौजंत काय गवत उपटलंस व्हय रं?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. काउंटरमागं सुमैरानं कपाळाला हात लावला.

जयराज हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, आणि हसता हसता मशीनपुढं फरशीवर फतकल मारून बसला. चहा गार झाला होता, तो त्यानं एका घोटात संपवला. मग उठून नारळ मुजीबच्या हातात दिला.

"घे. मला त्यो नुसता मिळाला हुता, तू जिंकलास. आता तुझा बाप तुला वाचवायला न्हाई, लाव परत."

"माझा बाप आसता तर तुलाच हाकलला आसता. बटणं मोडायचास तू."

परत बटणं धडधडू लागली. दोघं मशीनवर असे ओणवे झाले की बाहेरून नुसत्या दोन पाठी दिसत होत्या. तेवढ्यात दारात लालासाहेब येऊन उभे राहिले, फेटा सावरत, धापा टाकत.

"मुजीब, आमचं सुभेदार साहेब आल्यात का रं हितं? समदं गाव हुडकतंय."

मुजीबनं मान वळवली नाही, की बटणावरचा हात काढला नाही.

"न्हाई काका, साहेब न्हाई आलं. हितं फकस्त आपला जया हाय. आन त्यो लय मार खातोय."