गालावरचं ऊन

आमच्या गावावर हिवाळाभर डोंगराची सावली असते. ऊन हवं असेल, तर बर्फ तुडवत वरच्या कड्यावर जायचं. शेजारचे कासिआन रोज जायचे आणि उतरताना गाल गार पडू नयेत म्हणून तोंडाला मफलर गुंडाळायचे.

घरी अंथरुणाला खिळलेली त्यांची बायको लुडविना त्या गालांवर दोन्ही हात ठेवायची.

"आज कमी आणलंस रे. वाटेत कुणा बाईला वाटलंस की काय?"

"जरा ढग होते गं. फेब्रुवारीत तुझ्या खिडकीतच येईल बघ."

"तोवर कोण थांबतंय!"

फेब्रुवारीत ऊन आलं. दरवर्षीसारखं आधी टेकाडावरच्या दफनभूमीत उतरलं.



यंदा लुडविनाला ते सगळ्या गावाच्या आधी मिळालं.