नुसते हात हलवा

"उरल्यासुरल्या तारा पण काढून टाका," मुख्याध्यापक आग्रिपिनो म्हणाले.

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं फिलोमेना मॅमना वाटलं. मांडीवर घेऊन नखीनं वाजवायच्या बांदुरियाला चौदा तारा लागतात. शाळेच्या वाद्यवृंदातल्या एकाही बांदुरियावर चारच्या वर राहिल्या नव्हत्या, आणि त्याही गंजलेल्या.

"का, सर?"

"अहो, मोबाईलवर रेकॉर्ड लावायचंय ना. मुलांनी नुसते हात हलवायचे. मध्येच एखादी तार टणकन वाजली, तर नगरसेवकांसमोर आपली शोभा व्हायची."

मॅमनी पक्कड घेतली. मुलं एकेक करून आपली बांदुरिया पुढे करत होती. शेवटी मारिकार आली. सहावीतली, पहिल्या रांगेत बसणारी. पुढच्या वर्षी ती या शाळेत नसणार.

"मॅम, ही एक तरी राहू दे ना. सुरात आहे ती. मी हळू वाजवीन."

मॅमनी तीही काढली. तार तुटताना बोटात घुसली ते बरंच झालं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

शाळांच्या वाद्यवृंद स्पर्धेत उतरायचं म्हणून मॅम दोन वर्षं तारा मागत होत्या. नगरसेवक बुएनाफे यांनी अखेर निधी मंजूर केला, आणि आल्या बॅगा. एकेका बांदुरियाला एकेक. निळ्या, आतून मऊ अस्तराच्या, आणि वर साहेबांचा हसरा चेहरा. नाकापेक्षा मोती जड. चेन नेमकी त्यांच्या ओठांवरून जात होती, त्यामुळे बॅग उघडली की साहेब आ वासायचे. पोरं सकाळपासून तेवढ्यावरच खूश होती.

"आणि तारा?" मॅमनी साहेबांच्या सचिवाला विचारलं होतं.

"मॅम, तारेवर साहेबांचं नाव कुठे छापणार?"

तो थट्टा करत नव्हता. ती त्याची खरोखरीची अडचण होती.

"या वर्षीचा संगीताचा निधी संपला," मुख्याध्यापकांनी त्यावर शिक्का मारला. "स्पर्धेचं पुढच्या वर्षी बघू. आणि मॅम, तुमची नेमणूकही दरवर्षी साहेबांच्या सहीनंच होते, तेवढं लक्षात असू द्या."

समारंभ बास्केटबॉलच्या कोर्टावर होता. बास्केट दिसत नव्हतं, कारण त्याच्यावर साहेबांचा फ्लेक्स होता. प्रार्थना झाली, स्वागत झालं, आभाराचं प्रमाणपत्र झालं. मागच्या टेबलावर पाहुण्यांसाठी पान्सितच्या परतलेल्या शेवयांची ताटं झाकून ठेवली होती आणि मुलं ऊन लागत असतानाही तिकडेच बघत होती. मग साहेब बोलायला उभे राहिले.

"कलेशिवाय शाळा म्हणजे माशाशिवाय भात! मी माझ्या खिशाकडे बघितलं नाही. जोवर मी आहे, तोवर या शाळेतलं संगीत बंद पडणार नाही!"

खिसा कुणाचा, हे कोर्टावरच्या प्रत्येक आईबापाला ठाऊक होतं. पैसा त्यांच्याच कराचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. तरी टाळ्या पडल्या. फिलोमेना मॅमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी आग स्वतःवरच होती. पक्कड कुणी दुसऱ्यानं चालवली नव्हती.

मुलं मांडीवर वाद्यं घेऊन बसली. समोर रिकाम्या बॅगा ओळीनं मांडल्या होत्या, सगळे साहेब आ वासून. रेकॉर्डचा मोबाईल मॅमच्या हातात होता. मुलं त्यांच्याकडे बघत होती. मारिकारची नखी बोटांत तयार होती.

मॅमनी वाकून मोबाईल जवळच्या बॅगेत टाकला आणि चेन ओढली. साहेबांचं तोंड मिटलं.

मग त्यांनी हात वर केला. "एक, दोन, तीन."

मुलांनी सुरुवात केली.

पहिल्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट बजावलेली होती. तार तुटली तरी हात थांबवायचा नाही, गाणं संपेपर्यंत नाही. डावी बोटं सुरांच्या जागा धरत होती, उजवे हात लयीत चालले होते, आणि कोर्टावर पाहुण्यांसाठी लावलेल्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मॅम, रेकॉर्ड!" मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, रेकॉर्ड लावा!"

मॅमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या ताल देत होत्या.

साहेबांनी हसत माइक घेतला. "काय रे पोरांनो, लाजता काय? जरा मोठ्यानं येऊ द्या की!"

पोरं आज्ञाधारक. त्यांनी हात जोरात चालवले. नख्या उघड्या लाकडावर खरखरल्या, एका बांदुरियाच्या पॉलिशचा पापुद्रा उडाला. मागच्या खुर्च्यांत बायका बोलायच्या थांबल्या.

साहेबांचं हसू ओसरलं. ते मॅमकडे वळले. माइक चालूच होता, त्यामुळे प्रश्न सगळ्या कोर्टानं ऐकला.

"आवाज का येत नाही?"

"आवाज तारेतून येतो, सर," फिलोमेना मॅम म्हणाल्या. तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. "आणि तारेवर तुमचं नाव छापता येत नाही."

सचिव जमिनीकडे बघू लागला.

"थांबवा त्यांना!" मुख्याध्यापक ओरडले. "मॅम, थांबवा आधी त्यांना!"

मॅमचा हात ताल देतच राहिला. मारिकार डोळे मिटून वाजवत होती. गाण्याचं अजून एक कडवं बाकी होतं.