नावाची जागा

"हात नको लावू रं," कोंडी म्हणाली. "नुसतं बघ."

झहीर ठाकूरवाडीची चढण चढून आला होता. त्याचा थोरला भाऊ हमदान ज्या लढाईत गेला, त्याच लढाईत कोंडीचा मुलगा नवशा गेला. तेव्हाच्या राष्ट्रपतींनी अशा घरांना स्वतःच्या सहीचं पत्र धाडलं. खालापूरला झहीरच्या घरी तेवढं ते आलं नाही आणि सव्वीस वर्षं झाली, अम्मी अजून पोस्टमनची वाट बघते. दिल्लीच्या कचेरीनं कळवलं, असं पत्र आणखी कुणाला आलं असेल तर नावासकट फोटो पाठवा, मग बघू. झहीर इरेला पेटला. एका घरचं पत्र पुरात गेलेलं, दुसऱ्याचं वाळवीनं खाल्लेलं, तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. पण सोडेल तो झहीर कसला!

कोंडीनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून गोधडीवर पसरला. खाली निळ्या शाईतली सही जशीच्या तशी होती. वर, नाव असायला हवं तिथं, पिवळ्यातांबड्या कडांचं रुपयाएवढं भोक.

"मावशी, नाव कुठाय?"

"तितंच हाय की. पोस्टमननं बोट ठेवून दावलं व्हतं, ह्यो तुजा नवशा. दर सालाला त्याच्या दिवशी हळदकुंकू लावते."

ओल्या बोटाखाली कागद किती वर्षं टिकणार? हेही घर फुकट गेलं. त्याला रडू आवरेना.

"वाच तरी," कोंडी म्हणाली. "मला पुरतं कुनी वाचून दावलंच नाय."

त्यानं वाचलं. भोकाशी आल्यावर नवशाचं नाव घेतलं. कोंडी शेवटपर्यंत हलली नाही.

"आता तुज्या भावाचं घालून वाच. आयेला फोन लाव."

"खोटं होईल, मावशी."

"तिचा पोर खोटा व्हता का रं?"

दारात रेंज होती. झहीरनं उभ्यानंच हमदानचं नाव घालून सगळं पत्र अम्मीला वाचून दाखवलं.

"सही हाय ना त्यांची?" अम्मीनं विचारलं.

"हाय, अम्मी."

"मग आन की घरी. वाट कसली बगतोस?"

झहीरनं फोन ठेवला. कोंडीनं कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या खिशात कोंबली.

"ने," ती म्हणाली. "पन नवशाच्या दिवसाला मला लागंल."