जीव ओतून घेतलेला तास

सातवीच्या वर्गावर ‘मोठेपणी कोण होणार?’ हा तास समुपदेशक मॅडम अगदी जीव ओतून घ्यायच्या. आज एका मुलाने मान खाली घालून सांगितलं, की त्याला केस कापायला शिकायचंय, पण बाबा ओरडतात. मॅडमनी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. “बाबांना माझ्याकडे पाठव. चांगली कानउघाडणी करते त्यांची!”

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून त्यांच्याच लेकीचा हात वर आला. शाळेत आईला ‘आई’ म्हणायचं नाही, हा घरचा नियम ती कटाक्षाने पाळायची.

बंद पडलेला पंखा खोलून बसली म्हणून सकाळीच मॅडमनी तिचे पाने, पक्कड, सगळं माळ्यावर टाकलं होतं. “पुरे झाले हे नसते उद्योग! डॉक्टर व्हायचंय तुला,” असं वर सुनावलंही होतं.

“बोल, बाळा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

 

“मॅडम, माझ्या आईलाही बोलवाल का? तुमचं तरी ऐकेल ती.”