गप्प झालेला उतार

सकाळपासून सहाव्यांदा फोन वाजला, तेव्हा गिरजाबाईंनी पिठाच्या हातानेच तो कानाला लावला.

“माती सुटतेय,” वरच्या उतारावरचा करंज म्हणाला.

“मग धर की घट्ट!” त्या करवादल्या.

आठ वर्षांपूर्वी डोंगर खचू नये म्हणून वाडीतल्या बायकांनी करंज, उंबर, निर्गुडी लावली. मुळांशी पुरलेल्या यंत्रांतून झाडं बोलू लागली. रेंज फक्त गिरजाबाईंच्या घरात, म्हणून सगळ्या झाडांना त्यांचाच नंबर दिलेला. तेव्हापासून ही रडगाणी ऐकून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

दुपारनंतर मात्र फोन वाजलाच नाही. चार दिवसांचा पाऊस तसाच कोसळत होता.

“सुटलात एकदाच्या, आत्याबाई,” सून मंजुळा हसली. “झाडं निवांत झाली.”

गिरजाबाई हसल्या नाहीत. रोपांच्या पाट्या डोक्यावर घेऊन त्या बायकांसोबत हाच चढ चढल्या होत्या. कुरकुरणारी बाई वरपर्यंत पोचायची. जी गप्प व्हायची, तिचीच पाटी पडायची.

त्यांनी चुलीत पाणी ओतलं.

“पोरांना उचल आणि वाडीभर हाक दे,” त्या म्हणाल्या. “झाडांच्यात आता बोलायचाही दम उरला नाही.”