निळे ओठ

"आला बघा भाता!" ओवी तांडेल चढाईला मध्यरेषेपाशी येताच समोरची कर्णधार शाहीन ओरडली आणि प्रेक्षक हसले.

बनावट रक्त टोचून घेतलं की खेळाडूला दम लागत नसे आणि तपासणीत ते सापडतही नसे. त्यामुळे ज्याचा दम मोठा, तो चोर. शिंपल्यांसाठी लहानपणापासून खाडीत बुड्या मारणाऱ्या ओवीवर बंदी आली ती अशी. फक्त एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्या रक्तवाल्यांचे ओठ कितीही दम रोखला तरी निळे पडत नाहीत.

बंदी संपल्यानंतरचा हा पहिला सामना. "आज गुण गेला तरी चालेल," तिची कर्णधार सुमेधाताई म्हणाली होती. "दम तुटेस्तोवर परत यायचं नाही."

ओवी थेट शाहीनवर गेली. चौघींनी तिला धरून आडवं पाडलं. ती 'कबड्डी' घुमत राहिली, सरपटत राहिली. रेषा वीतभर उरली. हात लांबवला असता तर चौघी बाद झाल्या असत्या.

ओवीने मूठ मिटून हात छातीखाली घेतला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी,

कबड्डी, कबड्,

कब,

क"

शाहीनने तिला उताणं केलं, तिच्या ओठांवरून अंगठा घासला आणि तो निरखून पाहिला.

"रंग नाही गं हा," ती पुटपुटली. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "पंच, निळे आहेत! खरंच निळे आहेत!"

पंचांनी वाकून पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "दम तुटला. तांडेल बाद!"

बाद झालेल्या ओवीला सुमेधाताईने खांद्यावर उचलून घेतलं.